भागुबाईचा गुलाब

नाशिक, ३ ऑगस्ट

चि. आभा,

आधी नुसतं ‘आभा’ लिहिलं, ते फार कोरडं दिसलं. मग ‘चि. सौ. कां.’ लिहिलं, तर ते लग्नपत्रिकेसारखं वाटायला लागलं, आणि तुझी पत्रिका काही आपल्या घरातून छापली गेली नव्हती. तेव्हा ‘चि.’वर भागवून घे.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. म्हणजे मी आहे. बाकी आता आहे कोण? तुझे बाबा गेल्याचं तुला कळलं असणारच. मी माफी मागायला बसलेली नाही आणि तुझ्याकडून मागून घ्यायलाही नाही. सात वर्षं जे बोललो नाही ते एका पत्रात कोंबायचं माझं वय राहिलं नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

काम गुलाबाचं आहे. गेटच्या खांबाजवळचा, फिका गुलाबी, गुलकंदाचा. अथर्व दिवाळीला येतोय आणि अंगणाला फरशी घालायची म्हणतोय, त्यात तो गुलाब जाणार. मी म्हटलं, जाऊ दे, झाडच आहे. पण मग वाटलं, हा गुलाब मुळात येवल्याचा. तू आता येवल्यात. त्याला परत माहेरी पाठवावं. नाशकात तो दुसरीकडे मिळायचा नाही. ज्या गावाला लोक एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे, त्या गावच्या नर्सरीत मी जुना गुलाब विचारला तर पोराने डच गुलाब पुढे केला. नाकाशी धरला, तर नुसता प्लॅस्टिकच्या पिशवीचा वास.

आपल्या माळ्याची, भिकनची, बहीण येवल्यात दिलीय. राखीपौर्णिमेला तो तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा हे पत्र आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या घेऊन येईल. तुझा नवरा, धम्मपाल, शिकवतो ती शाळा तिच्या घरासमोरच आहे म्हणे. फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड घेतल्यात. खालचं टोक तिरपं कापलंय, ते मातीत घाल. निदान दोन डोळे मातीखाली जाऊ देत. वरच्या टोकाला शेणाचा छोटा गोळा लाव. सावलीत ठेव. आणि रोज उपटून मूळ फुटलं का बघू नकोस. तुला लहानपणी ती खोड होती, मेथीचे दाणे पेरून संध्याकाळी उकरायचीस.

मी मजेत आहे. अथर्वने घराला कॅमेरे बसवून दिलेत, पायल नावाची एक मुलगी माझ्याकडे राहायला ठेवलीय. पत्र स्वतः पोस्टात टाकलं असतं, पण सध्या पायामुळे तेवढं जाता येत नाही. उत्तर लिहिलंस तर भिकनकडेच दे.

आई

नाशिक, २४ ऑगस्ट

चि. आभा,

‘फांद्या वाळल्या.’ काय ते उत्तर. तार खात्यात नोकरी केली मी की तू? पण अक्षर अजून तसंच आहे, ‘ळ’ला पोटात दुखल्यासारखा वाकवतेस. चिठ्ठी मी ब्लाउजमध्ये ठेवली, मग देवाच्या पुस्तकात ठेवली, मग डाळीच्या डब्यात. घरात चिठ्ठी ठेवायला जागा उरलेली नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी थोडं सजवून लिहिलं होतं.

गेल्या माघात मी बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. पडले ती सकाळी, आणि दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेजारच्यांना बोलावलं ते दुसऱ्या दिवशी. अथर्व टोरांटोहून धावत आला, ऑपरेशन केलं, माझी वेणीसुद्धा घातली त्याने, वेडीवाकडी. तो वाईट नाही, आभा. हे मी आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू त्याला शिव्या घालशील. जाताना तो माझे हात धरून रडला. म्हणाला, “आई, तुला काही झालं तर मी इतक्या लांबून काय करू?” मी त्याला काय सांगणार? मी म्हटलं, तुला हवं ते कर. तो म्हणाला, करतो.

तर त्याने केलं. गेटवर कॅमेरा, हॉलमध्ये कॅमेरा, स्वयंपाकघरात कॅमेरा. कोणी गेटशी थांबलं की त्याचा फोन वाजतो आणि मग भिंतीतून त्याचा आवाज येतो. खोटं नाही सांगत, कॅमेऱ्यातून बोलता येतं. मी तुळशीला पाणी घालत होते तर भिंत म्हणाली, “आई, ऊन आहे, आत जा.” माझ्या हातातला तांब्या पडला. त्यावर भिंत म्हणाली, “बघ, म्हणूनच सांगतो.”

माझा फोनही त्याच्या कॉम्प्युटरवर दिसतो. ज्यांची नावं त्याने आत भरलीत, त्यांचेच फोन लागतात. तुझं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाला, “आई, सात वर्षं आठवण झाली नाही तिला, आता घर विकायचं म्हटल्यावर होईल.” मी जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या जिल्ह्याच्या लाइनी जोडल्या. रडणाऱ्याला हसणाऱ्याशी जोडून दिलं, ओझरच्या माणसाला आसाममधला भाऊ मिळवून दिला. आणि आता माझी स्वतःची लाइन येवल्यापर्यंत लागत नाही.

हो, घर विकायचंय. अंगणाला फरशी वगैरे काही नाही. दिवाळीला आल्यावर बिल्डरला सह्या द्यायच्या आणि मला पुण्याजवळ कुठल्याशा ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवायचं, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे त्याने ठरवलंय. त्याने व्हिडिओवर दाखवली ती जागा. स्वच्छ आहे, डॉक्टर आहे, भजन आहे. गॅलरीत दोन कुंड्या ठेवता येतात म्हणे. मला तिथे जायचं नाही. हे वाक्य मी आजवर कोणाला मोठ्याने सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितेय. सांगायला गेले की समोरचा म्हणतो, मालिनीताई, नशीबवान आहात, मुलगा किती करतो. समोरच्या काकूंनी तर मला ओवाळायचंच बाकी ठेवलंय. पोटच्या पोराविरुद्ध कुठे तक्रार करणार, आणि काय करणार? तो माझी काळजी घेतो अशी?

गुलाबाचंही तेच. पूर्वी श्रावण लागला की गेटशी बायका थांबायच्या. कोणाला फूल, कोणाला फांदी. आता कोणी हात लावला की भिंत विचारते, कोण पाहिजे. परवा एक बाई इतकी घाबरली की चप्पल टाकून पळाली.

तर ऐक. पाठवलेल्या फांद्या वाळल्या याचं मला नवल वाटलं नाही. पाठवून-मागून दिलेला गुलाब लागत नाही, हे तुला माहीतच आहे. तूच ये आणि ने. गेटला दिवसा फक्त कडी असते, आणि आत यायचीही गरज नाही, खांबाजवळची फांदी बाहेरून हाताला येते. गुरुवारी दुपारी पायल कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते. मागू मात्र नकोस.

आई

नाशिक, १४ सप्टेंबर

आभा,

मूर्ख आहेस.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललं. मूर्ख तू नाहीस, मी आहे. मी तुला ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. मला वाटत राहिलं की सांगितली आहे. आयुष्यभर मनातल्या मनात सांगत आले ना, म्हणून.

तू आलीस. मी खिडकीतच बसून होते. केस कापलेस, बरे दिसतात. मी वॉकर घेऊन ओट्यावर आले, तू गेटच्या त्या बाजूला. मी तुझ्याकडे पाहिलं, पोटभर पाहिलं, आणि मग पाठ फिरवून आत गेले. वॉकरने मला वळायलाच वेळ लागतो, तेव्हा ते फार हळूहळू झालं असेल आणि फार वाईट दिसलं असेल. स्वयंपाकघरात जाऊन मी चहाचं पातेलं आपटलं, डबे आपटले, पाणी सोडलं. आता कापली असेल, आता गुंडाळली असेल, असं करत करत मी बाहेर आले. गुलाबाचं पानही हललेलं नव्हतं. तू गेली होतीस.

आता ऐक. लग्नाआधी मी येवल्याच्या एक्स्चेंजला होते, तेव्हा भागुबाईंकडे भाड्याने राहायचे. त्यांचे यजमान पैठणी विणायचे. दिवसभर मागाची खटखट चालायची आणि मागच्या परसात माणसापेक्षा उंच हा गुलाब होता. बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी म्हटलं, भागुबाई, मला एक फांदी द्या. त्या अशा भडकल्या की काय सांगू. “मागू नको, पोरी. मागून नेल्याला गुलाब लागत नाय. चोरून नेल्याला लागतो.” मी आपली ओशाळून उभी. मग त्यांनी पदर खोचला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “मी चहा ठेवते. उकळंपर्यंत मी काय बाहेर येत नाय.” आणि पाठ फिरवून आत गेल्या. आतून भांड्यांचा नुसता कल्लोळ. मला समजायला थोडा वेळच लागला. मग मी ताटातली सुरी घेतली आणि फांदी कापली. बाहेर आल्या तेव्हा माझ्या पिशवीतून पानं लोंबत होती आणि त्या म्हणाल्या, चहात साखर जास्त झाली का गं?

त्या गेल्या. आता त्यांच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, हे तू रोज बघत असशील. तेव्हापासून मी ज्याला ज्याला फांदी दिली, त्याला अशीच दिली. आत जाऊन. नाशकातल्या बायकांना ठाऊक होतं. मालिनीताई चहा ठेवायला गेल्या की कात्री काढायची.

तू घर सोडलंस त्या सकाळचं तुला आठवतं? न आठवायला काय झालं. बाबांना आदल्या रात्रीच तुझं नि धम्मपालचं कळलं होतं. रामकुंडावर पूजेचे यजमान वाट बघत होते तरी ते गेले नाहीत. आंघोळीला गेले आणि मला म्हणाले, दारात बस, तिला हलू देऊ नकोस. मी दारात बसले. तू बॅग घेऊन आलीस. मी तुझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेले. चहा ठेवायला. तुला वाटलं, आईनेही तोंड फिरवलं. धम्मपालला तू तेच सांगितलं असशील, आणि मी तुझ्या जागी असते तर तेच सांगितलं असतं.

दाराची कडी मी काढून ठेवली होती. तुझ्या लक्षात आलं होतं का, कडी काढायला तुला थांबावं लागलं नाही?

आता हे सगळं मी फार शहाणपणाने लिहितेय. तेव्हा माझ्या मनात नक्की काय होतं, ते मलाही शपथेवर सांगता यायचं नाही. रागही होता. तुझा होता, त्यांचा होता, लोक काय म्हणतील त्याचा होता. पण कडी मी काढली होती, आणि चहा मला तेव्हा नको होता.

तू गेटशी आलीस ते अथर्वला लगेच दिसलं. त्याने तुला ओळखलं. भिंतीतून तुला काही बोलला का? पायल गच्चीवरून धावत खाली आली तोवर फोन सुरू झाला होता. तो ओरडत नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, “आई, तुला कोणीतरी फसवतंय हे तुला कळत नाही, हाच तुझा आजार आहे.” त्या दिवसापासून गेटला कुलूप आहे, किल्ली पायलच्या कमरेला. भिकनला येऊ नको म्हणून निरोप गेला. आज तो आपली छाटणीची कात्री न्यायला म्हणून आलाय आणि मुद्दाम सापडत नाही असं करत अंगणात फिरतोय, तेवढ्यात हे लिहून संपवतेय.

चिडू नकोस. चीड हवी तर, पण हे वाचून झाल्यावर.

आई

नाशिक, ५ ऑक्टोबर

चि. आभा,

तुझं उत्तर नाही. येणार तरी कसं, आता मध्ये कोणीच नाही. भिकनने ते पत्र तुला दिलं का, हेही मला कळायचा मार्ग नाही. मी पत्र लिहितेय की भिंतीशी बोलतेय, कोण जाणे. भिंत निदान उत्तर तरी देते.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी पायल माझा फोटो काढून पाठवते, गोळ्या हातावर घेतलेल्या. मग नाश्त्याचा फोटो. मग मी व्यायाम करते त्याचा. मी एकदा मुद्दाम डोळे मिटून बसले, तर टोरांटोत मध्यरात्री हलकल्लोळ. दुपारी झोप. चारला पायल चहा ठेवते. संध्याकाळी हॉलमध्ये वॉकरने येरझाऱ्या. दारापर्यंत जायचं, कडीला हात लावायचा आणि परत फिरायचं. बाहेर गंगापूर रोडवरून गाड्या जात असतात, आवाज येतो. कोणीतरी कुठेतरी जातंय एवढंच कळतं. पुण्याच्या जागेची खोली नक्की झाली. अथर्वने पडद्याचा रंग विचारला. मी म्हटलं, कुठलाही. तो खूश झाला. म्हणाला, आई, तू आता ऐकायला लागलीस.

ऐकायला लागले म्हणजे कशी, तेही सांगते. ऑक्टोबर लागला. शिवारात द्राक्षाची छाटणी सुरू झाली असेल, आपलाही गुलाब याच दिवसांत छाटायचा असतो. मी छाटलेला नाही. पावसाने त्याला माजच आलाय. लांब लांब फोक सुटलेत, ते मी काठीने एकेक करून खांबावर चढवले आणि जुन्या नाडीने बांधले. रोज थोडं थोडं. आता गेटच्या कॅमेऱ्यापुढे पानांचा झुबका आहे. अथर्व म्हणाला, आई, काही दिसत नाही, कापून घे ते. मी म्हटलं, ओल आहे तोवर छाटला तर मर धरते, बाळा. दिवाळीनंतर बघू. झाडाचं मला कळतं, हे एवढं एक तो अजून मानतो.

पायलला मी आधी फार वाईट वागवलं. ती सायखेड्याची आहे. घरी आई आहे, दोन धाकट्या बहिणी आहेत. तिच्या नोकरीवर घर चालतं, म्हणजे तीही सुटायची नाही. मला ‘आजी’ म्हणाली म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी झापलं होतं. आता ‘काकू’ म्हणते. मी एकदा चिडून म्हटलं, तू माझी जेलर आहेस. ती म्हणाली, “काकू, मला तरी कुठं जाता येतं? तुम्ही हॉलमध्ये, मी तुमच्यामागं.” खरंच होतं ते.

गेल्या पंधरवड्यात ती गुलाबाजवळ उभी होती. म्हणाली, “काकू, मला एक फांदी देता? आईला लावंल मी.” माझ्या तोंडून भागुबाई बोलल्या. म्हटलं, मागतेस कशाला? मागून नेलेला गुलाब लागत नाही. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली, येवल्याची. तुझी नाही सांगितली. आणि पाठ फिरवून, वॉकर आपटत, स्वयंपाकघरात जाऊन पातेलं वाजवायला लागले. खिडकीतून बघण्याचा फार मोह झाला, पण बघायचं नसतं.

दुसऱ्या रविवारी सुट्टीवरून आली ती नाचतच. तेलाच्या कापलेल्या डब्यात लावलीय आणि पालवी फुटलीय म्हणे. मी म्हटलं, एवढ्यात हुरळू नकोस. पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही. फांदीतल्या ओलीवरही चार पानं येतात, आणि मग एक दिवस सगळं मान टाकतं. उपटून बघू नकोस, एवढंच. ती म्हणाली, “मंग कळायचं कसं?” मी म्हटलं, कळत नाही. थांबायचं.

वर धम्मपालच्या शाळेचा पत्ता घालून हे पत्र मी तिच्या पिशवीत ठेवणार आहे. पिशवी ती हल्ली दारामागे उघडीच टांगते आणि मी हॉलमध्ये आले की तिला बाल्कनीत काहीतरी काम निघतं. मी तिला सांगितलेलं नाही, तिने विचारलेलं नाही.

आता तुला एक लिहायचं होतं, पण लिहिता येत नाही. मला घेऊन जा असं मी म्हणणार नाही. मागायचं नाही, हा नियम मी इतकी वर्षं दुसऱ्यांना लावला, तर मलाही लागू आहे. शिवाय जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर बहुधा मरतं, आणि मी काही पेन्सिलीएवढी फांदी नाही. बासष्ट किलो आहे. चढायला-उतरायला धरावं लागतं. रात्री उठते, खोकते. तुमचं दोन खोल्यांचं घर. धम्मपालला विचारायलाही तू अवघडशील, आणि का विचारावंस? त्याला या घराने काय दिलं?

मी फक्त एवढं लिहिते की चहा चारला असतो. शनिवारी समोरच्या काकू मुलीकडे जातात. आणि गुलाबासाठी कोणी येणार असेल, तर गोणपाट ओलं करून आणावं.

आई

येवला, १२ ऑक्टोबर

चि. अथर्व यास अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडेल तोवर तू मला फोनवर पोटभर बोलून घेतलेलं असशील. आभाच्या फोनवरून मी तुला ‘सुखरूप आहे’ एवढं कळवलं, बाकीचं लिहूनच सांगायचं होतं, कारण बोलताना तू मध्ये बोलतोस.

मला कोणी पळवलेलं नाही. फसवलेलंही नाही. हॉलच्या कॅमेऱ्यात बघ, मी वॉकर घेऊन एकटी दाराकडे जाताना दिसेन. निळं पातळ, तू दिलेलं. गेटच्या कॅमेऱ्यात तुला नुसती पानं दिसतील. तेव्हा तुझ्याकडे पहाट होती, तू झोपला होतास, आणि झोपेत माणसाने झोपावंच. इतके दिवस तू नीट झोपला नाहीस हे मला कळत होतं. त्याला मीच कारण होते, आणि तेही मला सहन होईना.

पायलला एक शब्द बोलू नकोस. किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर होती. तिथे कोणी ठेवली ते मला माहीत नाही, मी पाठमोरी होते. पायल त्या वेळी स्वयंपाकघरात होती, तुझाच कॅमेरा साक्षीला आहे. आत जाताना ती एवढंच म्हणाली, “काकू, मी चहा ठेवते. उकळंपर्यंत मी काय बाहेर येत नाय.” यात गैर काय आहे? चहाला इतका वेळ लागतो का, असं तू तिला विचारशील. लागतो. आलं किसायचं असतं, दूध ओतू जाऊ द्यायचं नसतं. मी कुलूप काढून, गेट ओलांडून, आभाच्या आणि धम्मपालच्या खांद्यावर हात टाकून गाडीत बसेपर्यंत आतून भांड्यांचा आवाज येत होता. इतका की शेवटी मला हसू आलं आणि मग रडूही आलं. धम्मपालला वाटलं, पाय दुखावला. तो मला आई म्हणाला. मी त्याला काही म्हणायच्या आधीच म्हणाला, म्हणून मला काही ठरवावं लागलं नाही.

गुलाब आम्ही उपटला नाही. वेळ नव्हता, आणि तो जगलाही नसता. आभाने फांद्या कापल्या. मी तिकडे बघितलं नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आई, त्या सकाळी कडी काढलेली होती. मला माहीत होतं. मी ते सात वर्षं मुद्दाम आठवलं नाही.” मी तिच्या हातातलं ओलं गोणपाट माझ्या मांडीवर घेतलं.

तुझ्यावर माझा राग नाही, असं मी लिहिणार नाही. आहे. तू मला जपलंस, आणि जपता जपता बाटलीत घातलंस. पण तू माझी वेणी घातलीस तीही मी विसरलेली नाही. घराच्या सह्या मी करणार नाही. मी गेल्यावर तुम्ही दोघं काय ते बघा. तोवर तिथे कोणीतरी राहू दे, आणि गुलाबाला पाणी घालू दे.

इथे दोन खोल्या आहेत. मागे एक हात रुंद परस आहे, तिथे कुंड्यांमध्ये फांद्या लावल्यात. सावली बरी आहे. मीही जिन्याच्या पायरीवर वॉकरशिवाय दोनदा बसून उठले. जमेल की नाही ते इतक्यात सांगता येत नाही, फांद्यांचंही आणि माझंही. पालवीवर जाऊ नये. उपटून बघू नये.

दिवाळीला तुझं तिकीट काढलेलंच आहे, तर ये. इकडे ये. गेट नाही इथे, नुसतं लाकडी दार आहे, दिवसा उघडंच असतं. आभा तुझ्याशी लगेच बोलणार नाही, तू तिच्याशी बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तोवर गुलाबाने मूळ धरलं आणि तुला तुझ्या तिकडच्या घराच्या खिडकीत एखादी फांदी न्यावीशी वाटली, तर परसात जा. मागू मात्र नकोस. मी आत जाऊन चहा ठेवीन, आणि उकळेपर्यंत बाहेर येणार नाही.

तुझी आई
मालिनी